केळीचा खांब आणि रंगाचं पाणी: शेतातल्या टाकाऊ मालापासून रंगशोषक करण्याची रीत

केळीच्या बागेत काम करणारा माणूस सदऱ्यावरून ओळखू येतो. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की साबण लावा, लिंबू चोळा, तो तपकिरी डाग कापड फाटेपर्यंत सोबत करतो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. गंमत अशी की कापडाला डाग देणारं हेच खोड पाण्यात सुटलेला कापडाचा रंग ओढून घ्यायलाही कामी येतं. पण नुसतं तोडून हौदात टाकलं तर आधी स्वतःचाच रंग पाण्यात सोडतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी एखादा तरी गट प्रकल्पासाठी हाच विषय घेऊन येतो: भुईमुगाची टरफलं, मेथिलीन ब्लू, आणि वहीत ‘९५ टक्के रंग गेला’. मग कुणीतरी हौसेने खऱ्या रंगाईच्या नाल्यातलं पाणी बाटलीत भरून आणतो, तोच भुसा त्यात ढवळतो, आणि तासाभराने पाणी होतं तसं लालभडक. पोरांना वाटतं, भुसा बिघडला. भुश्याची चूक नसते, पाणीच दुसऱ्या जातीचं असतं. हा लेख प्रकल्प करणाऱ्यांसाठी आहे, तसाच दिवसाला थोडंफार सूत रंगवणाऱ्या लहान कारखानदारासाठीही.

आधी रंगाची जात विचारा

पाण्यात विरघळल्यावर रंगाच्या रेणूवर विजेचा भार कोणता येतो, यावर पुढचं सगळं ठरतं. मेथिलीन ब्लू, मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट हे धनभाराचे रंग. त्यांना बेसिक रंग म्हणतात. काडी, टरफल, साल यांच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात ऋणभार असतो, त्यामुळे हे रंग कुठल्याही पालापाचोळ्याला चिकटतात. मेथिलीन ब्लू काढून दाखवणं म्हणजे उतारावर गाडी ढकलून बैलाची ताकद सांगण्यासारखं आहे.

आपल्याकडे मुख्यतः सुती माल रंगतो, आणि सुताला आज प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते सुताशी पक्का रासायनिक बंध करतात, म्हणून धुण्यात टिकतात. त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋणभार. काडीवरही ऋणभार, रंगावरही ऋणभार. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. शिवाय बाथमध्ये, म्हणजे सूत बुडवायच्या रंगाच्या द्रावणात, रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच क्रिया करून बसतो. तो पुन्हा कापडाला लागत नाही, नाल्यातच जातो.

जात ओळखायची सोपी चाचणी रंगाईवाल्याच्या फडताळातच असते. रंग पक्का करायला वापरतात तो डाय फिक्सर धनभाराचा पॉलिमर असतो. काचेच्या पेल्यात गाळलेलं रंगाचं पाणी घ्या, फिक्सरचे पाच-सात थेंब टाका, ढवळून दहा मिनिटं ठेवा. पाणी गढूळ होऊन रंगाचे पुंजके खाली बसायला लागले तर रंग ऋणभाराचा, म्हणजे रिॲक्टिव्ह, डायरेक्ट किंवा ॲसिड जातीचा. काहीच झालं नाही तर दुसऱ्या पेल्यात धुतलेल्या काडीची चिमूटभर पूड टाकून पाहा. पुडीने रंग धरला तर तो बेसिक.

त्याच वेळी पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आणि क्षार मोजा. रिॲक्टिव्हच्या बाथमध्ये लिटरला साधारण ३० ते ८० ग्रॅम मीठ आणि १० ते २० ग्रॅम सोडा ॲश (धुण्याचा सोडा) असतो, पीएच अकराच्या आसपास. छापील शोधनिबंधांत रिॲक्टिव्ह रंग छान निघालेला दिसतो तो बहुतेक वेळा पीएच २ ला, कारण एवढ्या आम्लात काडीचा पृष्ठभाग धनभारित होतो. कागदावर सुंदर. पण लिटरला २० ग्रॅम सोडा ॲश नुसता मारायला हजार लिटर पाण्यामागे साडेअठरा किलो गंधकाम्ल लागतं. वर फेस उसळतो तो वेगळाच, आणि नंतर ते पाणी पुन्हा उदासीन करायचं. हा हिशेब ज्या अहवालात नाही तो कारखान्यासाठी वाचू नये.

म्हणून माझा पहिला सल्ला भुश्याविषयी नाहीच. बाथचं पाणी आणि नंतरच्या धुण्याचं पाणी वेगळं काढा. धुण्याच्या पाण्यात रंग कमी, मीठ कमी, सोडा कमी. भुश्याचं काम तिथे आहे. उकळत्या, खारट बाथवर भुसा टाकणं म्हणजे नुसता भुसा वाया घालवणं.

माल कोणता घ्यावा

खानदेशात चार गोष्टी भरपूर: केळीचे खांब, कपाशीच्या काड्या, दाणे काढून उरलेली मक्याची कणसं आणि भुईमुगाची टरफलं.

केळीचा खांब फुकट मिळतो, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. दहा किलो खांब वाहून आणला तर वाळून किलोभरही उरत नाही. वाळलेलं खोड हलकं, तंतुमय, सेल्युलोजने भरलेलं. रासायनिक बदल पटकन घेतं. दोष एवढाच की पाण्यात फुगतं आणि पाणी गाळायच्या नळीत दाबून बसतं.

कपाशीच्या काड्या टणक आणि लिग्निनच्या (लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकाच्या) असतात. कोळसा करायचा असेल तर याच घ्याव्यात. मात्र एक ध्यानात ठेवा: काड्यांचे ढीग शेताच्या बांधावर रचून ठेवले तर गुलाबी बोंडअळी त्यात दिवस काढते. आणल्या की लगेच कुट्टी करा. आणखी एक, या काड्या बेवारस नाहीत. चुलीला जातात, कांडीकोळसा करणारे विकत घेतात, आणि भरताची वांगी भाजायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. ‘टाकाऊ’ लिहिण्याआधी गावात भाव विचारावा.

मक्याचं कणीस मला सर्वांत सोयीचं वाटतं. दाणेदार भरड होते, पाण्यात आकार धरून राहते, नळी तुंबत नाही. टरफलं चांगली, पण त्यांत माती फार.

भुसा तयार करणं

कडबाकुट्टी यंत्रातून तुकडे काढा. केळीचा खांब असेल तर पापुद्रे सोलून, हातभर लांबीच्या पट्ट्या करून आधी वाळवा, मगच कुट्टी. ओला घातला तर चीक यंत्राच्या पात्यांना बसतो. एप्रिलात आपल्याकडचं ऊन चाळिशीच्या वर असतं. पत्र्यावर पातळ पसरलं तर चार-सहा दिवसांत कडकडीत वाळतं. पावसाळ्यात हे काम काढू नका, बुरशी धरते.

मग दळा आणि चाळा. बाटलीतल्या प्रयोगाला अर्ध्या मिलीमीटरखालची पूड चालते. नळीत किंवा पिंपात भरायला मात्र अर्धा ते एक मिलीमीटर जाडीची भरड ठेवा. पीठ बाजूला काढा, नाहीतर पाणी उतरणारच नाही.

यानंतर धुणं, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. कच्च्या भुश्यातून टॅनिन, साखर, गोंद सुटतात. पाणी चहासारखं होतं आणि त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, वाढतो. गरम पाण्यात तासभर ठेवा, ओता, पुन्हा गरम पाणी घ्या. निथळ पाणी जवळपास रंगहीन होईपर्यंत हे चालू ठेवा. केळीला चार-पाच वेळा सहज लागतात. चीक जास्त असेल तर एक फेरी कॉस्टिक सोड्याची द्या: लिटरला ४ ग्रॅम, तासभर, थंडच. हातमोजे, चष्मा हवाच. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर नाही. मग पीएच सातच्या जवळ येईपर्यंत धुवा. हे सगळं धुण्याचं पाणीही मोजून लिहून ठेवा. खर्चाच्या हिशेबात ते निमूटपणे गाळलं जातं.

बेसिक रंगासाठी: लिंबूसत्वाची रीत

किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच सायट्रिक आम्ल. गरम केल्यावर ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी एस्टर बंध करतं आणि आपले उरलेले कार्बोक्सिल गट पृष्ठभागावर मोकळे ठेवतं. ऋण जागा वाढतात, धनभाराचा रंग जास्त बसतो.

पाकिटावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर १२६ ग्रॅम, अनहायड्रस असेल तर ११५ ग्रॅम पाण्यात विरघळवून द्रावण एक लिटर करा. दर ग्रॅम कोरड्या भुश्याला १२ मिली द्रावण. अर्धा तास ढवळा, जादा द्रावण गाळून पुढच्या खेपेला ठेवा. भुसा ५० अंशाला रात्रभर सुकवा, मग १२० अंशाला दीड ते दोन तास. जास्त तापवू नका, भुसा करपतो. थंड झाल्यावर कोमट पाण्याने आंबटपणा जाईपर्यंत धुवा. पीएच पट्टीने पाहा, जिभेने नको. शेवटी लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा धुतला की आम्ल गट सोडियमच्या रूपात येतात आणि रंग लवकर धरतात.

हा एस्टर बंध गरम, तीव्र अल्कलीत सुटतो. त्यामुळे अकरा पीएचच्या गरम पाण्यात हा भुसा घालायचा विचारही नको.

रिॲक्टिव्ह रंगासाठी: पृष्ठभाग उलटा करा

इथे काडीला धनभार द्यावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी क्वाटर्नरी अमोनियमची रसायनं वापरतात. ती सेल्युलोजशी पक्का बंध करतात, पण हाताळायला विषारी आहेत. पदवीच्या मुलांच्या हातात मी देत नाही. लहान कारखानदाराला जवळचा मार्ग तोच डाय फिक्सर. फॉर्मल्डिहाइड नसलेला मागून घ्या.

५० ग्रॅम धुतलेला भुसा, एक लिटर पाणी, १० मिली फिक्सर. तासभर हलकं ढवळायचं, गाळायचं, धुवायचं. फिक्सरची ताकद कंपनीगणिक वेगळी, म्हणून हे प्रमाण सुरुवातीचं समजा आणि ५, १०, २० मिलीचे तीन नमुने शेजारी शेजारी करून पाहा. भुसा आधी लिंबूसत्वाचा केलेला असला तर त्यावर ऋण जागा जास्त असतात आणि फिक्सर घट्ट बसायला मदत होते. वेळ असेल तर हा चौथा नमुना करा.

धुणं कधी थांबवायचं? निथळ पाण्यात रिॲक्टिव्ह रंगाच्या फिक्या द्रावणाचे थेंब टाका. गढूळ झालं तर फिक्सर अजून सुटतोय. ही चाचणी टाळू नका. एक तर सुटलेला फिक्सर पाण्यातच रंग बसवतो आणि श्रेय भुश्याला जातं. दुसरं, हे धनभाराचे पॉलिमर माशांना घातक असतात. रंग काढून पांझरा नदीत फिक्सर सोडला तर काय मिळवलं?

दुसरा मार्ग कोळशाचा. कपाशीच्या काडीचे बारीक तुकडे, दर १० ग्रॅमला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल साधारण ७ मिली, थोडं पाणी, रात्रभर मुरवणं. मग ११० अंशाला सुकवून झाकणाच्या मुशीत ४५० ते ५०० अंशाला तासभर. थंड झाल्यावर गरम पाण्याने पीएच सहा-सातपर्यंत धुवायचं. हे फक्त मफल भट्टी (बंद विजेची भट्टी) आणि धूर ओढून नेणारी सोय असलेल्या प्रयोगशाळेत. रिॲक्टिव्ह रंगाचा रेणू मोठा असतो, फार बारीक छिद्रांत शिरत नाही. आम्लाचं प्रमाण वाढवलं की छिद्रं रुंदावतात, म्हणून वजनाने काडीला आम्ल एकास एक आणि एकास दोन असे दोन्ही कोळसे करून ताडून पाहा. घरामागे पत्र्याच्या डब्यात केलेला साधा कोळसा आणि हा, यांत फार अंतर आहे.

मोजताना होणाऱ्या फसगती

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका वर्षी एका गटाचा निकाल इतका छान आला की मी पाठ थोपटली. कोऱ्या चाचणीत भुसा न घालता नुसतं रंगाचं पाणी गाळलं, तर तेही बरंच फिकं निघालं. गाळणकागद म्हणजे सेल्युलोजच. मेथिलीन ब्लू त्यानेच पकडला होता. तेव्हापासून आम्ही सेंट्रिफ्यूज वापरतो. ते नसेल तर रात्रभर निवळू देऊन वरचं पाणी पिपेटने घ्या, किंवा गाळताना पहिले दहा-पंधरा मिली फेकून द्या. काचेच्या नळीलाही हा रंग चिकटतो, मोजणी संपली की स्पिरिटने धुवा.

दुसरी फसगत पीएचची. मॅलेकाइट ग्रीन आणि क्रिस्टल व्हायोलेट अल्कलीत आपोआप फिके पडतात. रंग पाण्यातच असतो, फक्त दिसत नाही. उलट मिथिल ऑरेंज आम्लात लाल होतो. म्हणून मोजण्याआधी सगळे नमुने एकाच पीएचला आणा आणि प्रत्येक पीएचला भुसा नसलेला एक नमुना ठेवा.

तिसरा कोरा नमुना नुसतं पाणी आणि भुसा यांचा. त्यात पिवळेपणा आला तर धुणं अपुरं.

कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मेथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरला मोजतात. कारखान्याच्या मिश्र पाण्याला असा एक आकडा नसतो. तिथे ४०० ते ७०० पर्यंतचा पूर्ण पट्टा घेऊन आधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक ठेवा.

आता हिशेब. समजा १०० मिली पाण्यात लिटरला ५० मिलीग्रॅम रंग आहे. ०.२ ग्रॅम भुसा घातला, शेवटी ८ उरला. गेला ८४ टक्के. ग्रॅमला किती बसला? ५० वजा ८ म्हणजे ४२, गुणिले ०.१ लिटर, भागिले ०.२ ग्रॅम: २१ मिलीग्रॅम. भुसा दुप्पट केला आणि ३ उरला, तर ९४ टक्के गेला, पण ग्रॅममागे जेमतेम पावणेबारा. टक्का चढला, भुश्याचं काम घसरलं. म्हणून किती पाण्यात किती भुसा हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

वेळेसाठी ५, १०, २०, ४०, ६०, १२० मिनिटांना नमुने घ्या. धारणक्षमतेसाठी लिटरला १० ते २०० मिलीग्रॅमपर्यंत पाच-सहा तीव्रता. त्यावर लँगम्युअरचं १९१८ चं किंवा फ्रॉइंडलिशचं १९०६ चं समीकरण बसवता येतं. प्रकल्पाच्या वहीसाठी ते हवंच, कारखान्याला मात्र त्यापेक्षा खऱ्या पाण्यातला एकच आकडा जास्त कामाचा.

बाटलीतून नळीत

दोन इंची पीव्हीसी नळी घ्या, खाली जाळी आणि थोडी बारीक खडी, वर ३० सेंटिमीटर भरड. आतला व्यास ५० मिलीमीटर असेल तर भरडीची जागा सुमारे ५९० मिली होते. पंधरा मिनिटांचा सहवास हवा तर पाणी मिनिटाला ४० मिलीच्या आसपास सोडावं लागेल. भरड आधी पाण्यात भिजवून, फुगू देऊन मगच भरा. कोरडी भरली तर फुगून नळी गच्च होते किंवा कडेने पाणी पळतं. केळीचा भुसा एकटा भरू नका, मक्याच्या भरडीत मिसळा. पाणी आधी वाळूतून गाळून घ्या, सुताचे तंतू दोन दिवसांत थर बंद पाडतात.

बाहेर येणाऱ्या पाण्यात रंग दिसायला लागेपर्यंत किती लिटर गेलं ते लिहा. त्याच आकड्यावर मोठं पिंप ठरवायचं. दोन पिंपं एकामागे एक जोडलेली बरी: पहिलं भरलं की काढायचं, दुसरं पुढे आणायचं, नवं मागे लावायचं. हजार लिटर धुण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलीग्रॅम रंग असेल तर एकूण रंग ५० ग्रॅम. खऱ्या पाण्यात ग्रॅमला २० मिलीग्रॅम मिळाले असतील तर कागदावर अडीच किलो भुसा पुरतो. मी पाच किलो धरेन.

नंतरचं

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. मीठ जसंच्या तसं असतं. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेल्या निकषांत सोडलेल्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, बीओडी (जिवाणूंना ती घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी २५० आणि विरघळलेले क्षार २१००, हे तिन्ही लिटरला मिलीग्रॅममध्ये, अशा मर्यादा आहेत. भुश्याचं पिंप यांतल्या रंगाला मदत करतं, क्षारांना मुळीच नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेली प्रक्रिया ठेवायचीच. हे पिंप तिच्या शेवटी लावायची जोड आहे. आणि असं पाणी कपाशीला द्यायचा मोह होतो, तो आवरा. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम साचला की ती दगडासारखी होते.

रंगाने भरलेला भुसा धुऊन पुन्हा वापरता येतो. बेसिक रंग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने सुटतो, ऋणभाराचा रंग पातळ कॉस्टिकने. पण मग हातात दाट रंगाची बादली उरते, आणि फिक्सरचा थरही दर खेपेला थोडा उतरतो. माझ्या मते लहान कारखान्यात एकदाच वापरून काढून टाकणं सरळ.

काढून टाकणं म्हणजे उकिरड्यावर नव्हे. खतात नको, गुरांपुढे तर नकोच, आणि चुलीतही नको: रिॲक्टिव्ह रंगांत क्लोरीन असू शकतं, काहींत तांबं किंवा क्रोमियम. सांडपाण्याच्या रासायनिक गाळासारखाच हा माल धोकादायक कचऱ्यात मोडतो असं धरून चाला आणि मंडळाने नेमून दिलेल्या ठिकाणीच पाठवा. तोवर निथळून, उन्हात वाळवून, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ठेवा. ड्रमवर रंगाचं नाव, तारीख आणि वजन लिहा. वाळवायला टाकाल तिथे खाली ताडपत्री अंथरा, वळवाचा पाऊस सांगून येत नाही.